पाणी कुठवर आलंय?

पावसाळ्यात कोल्हापुरातला माणूस तुमची खुशाली नंतर विचारतो. आधी विचारतो, "पाणी कुठवर आलंय?" पूर्वी हा प्रश्न पंचगंगा घाटावरून परतणाऱ्याला वाटेत अडवून विचारायचे. आता तो फोनवर पडतो आणि उत्तर आकड्यांत येतं:

"राजाराम बंधारा पाणीपातळी, सकाळी ७ वाजता, ४१ फूट ३ इंच. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट."

वेळ आणि पातळी मी नमुन्यादाखल घेतलीय, पण साचा हाच. प्रशासनाकडून निघालेली ही ओळ बघता बघता गल्लीगल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचते. परक्या माणसाला ती बाजारभावासारखी कोरडी वाटेल. पण त्यानंतरच्या तासाभरात त्या ओळीचं जे होतं ते बघण्यासारखं असतं. कुणी गाडी चढावर लावून येतो, कुणी म्हातारीला बहिणीकडे पोचवतो, कुणी निवांत चहा टाकतो. आकडा सगळ्यांना एकच मिळालेला असतो. त्याचा अर्थ मात्र ज्याच्या त्याच्या उंबऱ्याप्रमाणे लागतो, आणि तो लावायला अख्खी गल्ली हातभार लावते. हे नेमकं कसं घडतं ते जरा सावकाश बघू. मी पुण्यात राहतो. मावशी शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या अलीकडे. तिच्या गल्लीच्या ग्रुपवर मी २०१९ पासून आहे, एरवी म्यूट करून आणि पुराच्या दिवसांत रात्र रात्र जागून.

आधी आकड्याकडे वळू. राजाराम बंधारा कसबा बावड्याला आहे. वर प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती एकत्र येतात (पाचवी सरस्वती, ती गुप्त मानायची), तिथून पुढे नदीचं नाव पंचगंगा. बंधाऱ्यावर मोजपट्टी आहे आणि तिच्या शून्यापासून पाणी किती चढलं ते हे फूट-इंच सांगतात. ४१ फूट म्हणजे कुणाच्या दारात ४१ फूट पाणी नव्हे. कोल्हापूरच्या शाळकरी पोरालाही हे सांगावं लागत नाही. पण २०१९ मध्ये आमच्या एका दुबईतल्या नातेवाइकाने "पंचावन्न फूट? म्हणजे पाच मजले बुडाले!" म्हणून रडवेल्या आवाजात फोन केला होता. त्याला आम्ही हसलो खरे, पण चूक त्याची नव्हती. मोजपट्टीचं शून्य कुठे आहे हे ठाऊक नसलं की आकडा नुसता भीती घालतो.

शून्य कळूनही काम भागत नाही. नदी ४३ फुटांना धोक्याच्या वर गेली, पण माझ्या उंबऱ्याचं काय? हा तर्जुमा मोजपट्टीवर कोरलेला नसतो, तो गल्लीच्या डोक्यात असतो. सुतारवाड्यात पाणी बाकीच्या शहराआधी शिरतं. तिथली कुटुंबं चित्रदुर्ग मठात हलवली ही बातमी आली की इतर पेठा सावध होतात. मग प्रत्येक गल्लीची स्वतःची खूण असते: अमक्या दुकानाचा कट्टा, तमक्या विजेच्या खांबाची पेटी, मारुतीच्या देवळाची पायरी. ऑगस्ट २०१९ मध्ये बंधाऱ्यावर ५५ फूट ७ इंच पाणी होतं, जुलै २०२१ मध्ये ते ५६ फुटांवर गेलं. दोन्ही पुरांनी भिंतींवर आपापल्या रेघा सोडल्या. काहींनी त्यांवर रंगाने तारीखही घातली. त्यामुळे आता "एकोणीसचं पाणी" हे मापच झालंय, शेर-पायलीसारखं. "एकोणीसला आमच्या मीटरच्या पेटीला लागलं होतं, आत्ता वीतभर खाली आहे," असं एकाने लिहिलं की शेजारच्याला फुटांचा हिशेब करत बसावं लागत नाही.

ग्रुप जे पहिलं काम करतो ते हे. बंधाऱ्यावरचा आकडा आणि भिंतीवरची रेघ यांची तो गाठ घालून देतो. आकडा नियंत्रण कक्षाकडे असतो, रेघ मावशीच्या जिन्यात असते. दोन्ही एकाच पडद्यावर, पाठोपाठच्या दोन संदेशांत आले की अर्थ तयार होतो. आणि रेघा जितक्या जास्त तितका तो पक्का होतो, कारण पाणी सगळीकडे एकाच वाटेने येत नाही. शाहूपुरीत ते नदीकडून चालत येतं असं बाहेरच्याला वाटतं. प्रत्यक्षात नदी चढली की जयंती नाल्याचं पाणी नदीत उतरू शकत नाही, उलट नदीच नाल्यात घुसते आणि पूर वस्तीच्या पाठीमागून वर येतो. "नाल्याला तुंब लागलाय" हा तीन शब्दांचा निरोप नाल्याकाठच्या माणसाने दिला की बंधाऱ्यावरच्या आकड्यापेक्षा तो शाहूपुरीला जास्त उपयोगी पडतो.

दुसरं काम वेगाचं. ४१ फूट ३ इंच या एकट्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही, पहाटे ४ ला किती होतं ते हवं. समजा बरोबर ४१ फूट होतं. म्हणजे तीन तासांत तीन इंच, तासाला इंच. धोका पातळीला २१ इंच उरले, तेव्हा याच चालीने उद्या पहाटे ४ ला ४३. हा हिशेब मावशी बोटांवर करते. पण ग्रुपवर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत, ते दर वर्षी न कंटाळता सांगतात की चाल अशी सरळ धरू नका. नदी पात्रात असते तोवर आलेलं पाणी उभं चढतं. पात्राबाहेर पडून उसात शिरली की तेच पाणी आडवं पसरतं आणि पातळी रेंगाळते. तीस फुटांवरच्या एका इंचाला जेवढं पाणी लागतं त्याच्या कैक पट पंचेचाळीस फुटांवरच्या इंचाला लागतं. म्हणून पातळी दोन तास थबकली की कुणीतरी "पाणी थांबलं" लिहून हात जोडलेली चित्रं टाकतो, आणि काका एवढंच विचारतात, "वरचं काय म्हणतंय?"

त्याआधी एक गोष्ट सांगायची राहिली, ती कुंभारांची. गणपतीच्या आधी महिना-दीड महिना कुंभार गल्लीत घराघरांत मूर्ती ओळीने उभ्या असतात, काही रंगवलेल्या, काही नुसत्या पांढऱ्या. २०१९ ला गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला होती आणि पूर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आला. दुकानदार गल्ला आणि वह्या उचलून अर्ध्या तासात मोकळा होतो. कुंभाराला एकेक मूर्ती दोन हातांनी उचलून, टेम्पोत कडब्यावर बसवून न्यायची असते, त्याला दिवस जातो. मूर्ती ओली असेल तर त्याहून जास्त. म्हणून कुंभाराचा धोका ४३ फुटांवर नसतोच, तो ३८-३९ लाच सुरू होतो. ग्रुपवर सगळ्यात आधी घाबरणारे तेच, आणि नवखी मंडळी त्यांना भित्री म्हणतात. मला मात्र वाटतं, पूर वाचायला शिकायचं असेल तर कुंभाराकडून शिकावं. पाणी कधी येणार यातून आपल्याला हलायला लागणारा वेळ वजा करायचा, आणि उरेल ती खरी धोका पातळी.

आता "वरचं". राधानगरी, गगनबावडा, पन्हाळ्याकडच्या वाड्या. तिथे पाऊस पडला की त्याचं पाणी कसबा बावड्याला पोचायला बरेच तास लागतात, आणि हे तासच शहराच्या हातातली शिल्लक. पूर्वी एसटीचा कंडक्टर वरची बातमी आणायचा. आता वरचे पाहुणे थेट ग्रुपवर असतात. "रात्रभर भुरभुर न्हाई, धो धो" असं गगनबावड्याच्या जावयाने पहाटे लिहिलं, की बंधाऱ्याचा आकडा हलायच्या आधी गल्ली हलते.

वरून येणारा सगळ्यात गाजणारा निरोप म्हणजे "राधानगरीचं गेट उघडलं". भोगावतीवरचं हे धरण, शाहू महाराजांनी काम सुरू केलेलं. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. एका दरवाज्यातून साधारण १,४२८ क्युसेक पाणी येतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे २८ लिटरपेक्षा थोडं जास्त. गुणाकार केला तर सेकंदाला चाळीस हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर दर सेकंदाला. ऐकून छातीत धस्स होतं. पण एकट्या राधानगरीने पंचगंगेला महापूर येत नाही. कासारी, कुंभी, तुळशी आणि धरणांच्या खालचा मोकळा मुलूख, जिथला पाऊस अडवायला कुठलंच धरण नाही, हे सगळं जमेला धरावं लागतं.

इथे एका क्रियापदावरून ग्रुपवर दर वर्षी भांडण होतं. कुणी लिहितो "राधानगरीतून पाणी सोडलं". सोडलं म्हटलं की सोडणारा आला, मग तो रात्री का सोडतो, आधी का सांगत नाही, असा राग आला. पण स्वयंचलित दरवाजा कुणी उघडत नाही. तलाव ठरावीक पातळीला भरला की पाण्याच्या दाबाने तो आपोआप उघडतो आणि पातळी उतरली की आपोआप बसतो. काकांनी २०२१ ला दटावून सांगितलं, "सोडलं म्हणू नका, उघडलं म्हणा." तेव्हा मला ती शब्दांची काटछाट वाटली होती. नंतर पटलं. संकटात माणसं नुसती माहिती शोधत नाहीत, दोषी शोधतात, आणि एक क्रियापद अख्ख्या गल्लीला धरणावर धाडू शकतं.

वरच्याइतकंच खालचंही बघावं लागतं. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णाच भरून वाहत असली तर पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगतं. म्हणून कोल्हापूरकर सांगलीच्या आयर्विन पुलाकडेही डोळा ठेवतात. तिथली इशारा पातळी ४० फूट, धोका ४५, आणि २०१९ ला तिथे पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. नृसिंहवाडीचे लोक पूर देवळावरून वाचत आलेत. पाणी गाभाऱ्यात शिरून पादुकांवरून दक्षिण दरवाजाने बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा, स्नानाला गर्दी. त्या वेळी पाणी नेमकं किती चढलंय ते काठावरच्या गावांना न मोजता कळतं.

त्याच्याही खाली कृष्णेवरचं अलमट्टी धरण, कर्नाटकात. एरवी ज्याला विजेचं बिल वाचायचा कंटाळा येतो असा माणूस पुराच्या दिवसांत अलमट्टीची आवक किती, विसर्ग किती, पातळी ५१९.६० मीटरच्या किती खाली, हे तोंडपाठ म्हणतो. एक लाख क्युसेक दिवसभर वाहिलं तर ८.६४ टीएमसी (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), अलमट्टीची क्षमता १२३ टीएमसी, हे गणित मी शाळेत नाही, मावशीच्या ग्रुपवर शिकलो. फक्त गणित येणं आणि कारण कळणं यात अंतर आहे. २०१९ च्या महापुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीने २०२० च्या अहवालात खापर थेट अलमट्टीवर फोडलं नाही. थोड्या दिवसांत कोसळलेला प्रचंड पाऊस आणि नदीकाठची अतिक्रमणं याकडे बोट दाखवलं. सांगली-कोल्हापुरात पुष्कळांना ते आजही मान्य नाही. ग्रुपवर हा वाद पाऊस नसतानाही चालतो. माझ्या मते तो चालू राहण्यात वावगं काही नाही, निदान दोन्ही बाजू आकडे घेऊन भांडतात.

इथवर सगळं सुरळीत वाटेल. तसं ते नसतं. माझीच चूक सांगतो. २०१९ च्या त्या आठवड्यात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं होतं, पुण्याहून निघायची सोय नव्हती आणि हातात फोनशिवाय काही नव्हतं. एका खेडेगावात एक आजी माळ्यावर अडकल्या आहेत, बोट हवी, खाली नंबर, असा संदेश आला. मी तो एकापाठोपाठ अकरा ठिकाणी पाठवला. संदेश दोन दिवसांचा जुना होता. आजी केव्हाच सुखरूप बाहेर आल्या होत्या. पण त्या नंबरवर महाराष्ट्रभरातून फोन चालू होते, आणि ज्या घरात वीज नव्हती तिथल्या फोनची उरलीसुरली बॅटरी आमच्यासारख्यांच्या काळजीने खाल्ली. मावशीला सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "डोळ्यानं बघितलंतास का कानानं?"

चूक माझी होतीच, पण ती का झाली यात यंत्राचाही भाग आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. पुढे पाठवलेल्या संदेशाखाली जी वेळ दिसते ती तो आपल्याला मिळाल्याची असते, मूळ लिहिल्याची नव्हे. म्हणजे परवाचा संदेश आज ताजा होऊन येतो. फोटोचंही तसंच. फोन फोटोच्या पोटात वेळ आणि जागा नोंदवून ठेवतो, पण व्हॉट्सॲपवर साधा फोटो धाडला की ती नोंद गळून पडते आणि नुसतं चित्र पोचतं. २०१९ ची चित्रं २०२१ ला नव्याने पोहत आली ती याच भोकातून. यावर उपाय कुठल्या तज्ज्ञाने नाही, ग्रुपवरच्या एका शाळामास्तरांनी काढला. वेळ आणि ठिकाण संदेशाच्या आतच लिहायचं आणि शेवटी मावशीचा शब्द: डोळ्यानं किंवा कानानं. "दु. ३.२०, नाल्याचा पूल, कमानीला टेकलं, डोळ्यानं." एवढी ओळ दुसऱ्या गल्लीतला माणूसही वाचू शकतो, कारण तिच्यात कधी, कुठे आणि कुणी पाहिलं हे तिन्ही आहे. याशिवाय आलेल्या संदेशाला मास्तर लगेच विचारतात, "कोणी पाहिलं?" निम्मे संदेश या दोन शब्दांत गार होतात.

अफवा मात्र एवढ्याने मरत नाही. "धरण फुटलं" ही आवई प्रत्येक पुरात एकदा उठतेच. तमोत्सु शिबुतानी या समाजशास्त्रज्ञाने १९६६ साली एक पुस्तक लिहून अफवेला ऐनवेळी जुळवलेली बातमी म्हटलं होतं. खरी बातमी पोचत नाही तेव्हा माणसं मिळेल त्या तुकड्यांतून ती तयार करतात. त्याआधीचं एक निरीक्षण आपल्याच देशातलं आहे. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञांनी अफवा गोळा केल्या. ज्या भागात धक्के जाणवले पण पडझड झाली नव्हती, तिथे आणखी भयंकर काही येणार आहे अशा अफवांना ऊत आला होता. पुढे लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने त्याचा अर्थ असा लावला की भीती आधी वाटते आणि मग तिला साजेसं कारण माणूस शोधतो. हे वाचलं तेव्हा मला आमचा ग्रुप आठवला. पाण्यात असलेली माणसं थोडं लिहितात. त्यांना चार्जिंग वाचवायचं असतं आणि समोर पाणी दिसत असतं. सर्वांत जास्त संदेश पुणे, मुंबई, दुबईहून येतात, म्हणजे धक्का जाणवलेल्या पण पडझड न झालेल्या घरांतून.

याच फोनवर, याच भरवशाने काय होऊ शकतं ते १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात दिसलं. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा आणली. एप्रिल २०२० पासून दुहेरी बाणाचा, फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जातो. वेग त्याने कमी होतो, खरं-खोटं ठरत नाही. पुराची अफवा आणि मुलं पळवणाऱ्यांची अफवा यांतला मोठा फरक मला वेगळाच दिसतो. पुराच्या अफवेला ताडून बघायला भिंत आहे, पायरी आहे, मोजपट्टी आहे. "धरण फुटलं" हे तासाभरात तपासता येतं, कारण धरणाखालचं गाव फोन उचलतं. अनोळखी माणसाच्या मनात काय आहे हे मोजायला पट्टी नाही. जिथे सर्वांना दिसेल असं माप नसतं तिथे ग्रुप अर्थ लावत नाही, एकमेकांची भीती वाढवतो.

ग्रुपची दुसरी मर्यादा साधी आहे: तो वाहतो. सकाळचा महत्त्वाचा निरोप दुपारपर्यंत शंभर संदेशांखाली गाडला जातो. गल्लीपुरतं हे चालतं. तालुका, जिल्हा झाला की यादी लागते किंवा नकाशा. याची मोठी सुरुवात केनियात झाली. तिथे डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर हिंसाचार उसळला, सरकारने थेट प्रक्षेपणावर बंदी घातली, आणि जानेवारी २००८ मध्ये काही जणांनी मिळून लोकांचे एसएमएस आणि नोंदी नकाशावर लावणारी 'उशाहिदी' उभी केली. स्वाहिली भाषेत उशाहिदी म्हणजे साक्ष. दोन वर्षांनी, १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर, हैतीत ४६३६ या क्रमांकावर संदेश यायला लागले. ते क्रेओल भाषेत होते आणि मदतीला आलेल्या परदेशी पथकांना ती कळत नव्हती. परदेशांत स्थायिक झालेले हैतीचे लोक घरी बसून ते भाषांतर करून, जागा शोधून देत होते. दूर बसलेल्या नातलगाला करता येण्यासारखं यापेक्षा चांगलं काम मला माहीत नाही. मी तेव्हा अकरा ठिकाणी फॉरवर्ड करण्याऐवजी एका यादीतल्या अकरा ओळी तपासल्या असत्या तर बरं झालं असतं.

जकार्तात २०१४ पासून एक गमतीशीर युक्ती वापरली गेली. कुणी ट्विटरवर 'बांजिर', म्हणजे पूर, हा शब्द लिहिला की यंत्र त्याला आपोआप विचारायचं, तुमच्याकडे पूर आहे का, असेल तर जागेसह कळवा. आमचे मास्तर हाताने जे करतात तेच.

जमवणं आणि नकाशावर लावणं त्यामानाने सोपं, अवघड असतं ते खोडणं. ऑगस्ट २०१८ च्या केरळच्या महापुरात सरकार आणि स्वयंसेवकांनी मिळून उभ्या केलेल्या संकेतस्थळावर मदतीच्या मागण्यांचा पाऊस पडला. मच्छीमार आपल्या बोटी ट्रकवर घालून आले आणि त्यांनी हजारोंना बाहेर काढलं. पण एकाच घराची मागणी पाच नातलगांनी पाच वेळा नोंदवलेली, आणि सुटलेल्या माणसांच्या मागण्या मागे तशाच फिरत राहिलेल्या. सुटका झाली की माणूस अंग पुसून झोपतो, यादीतलं आपलं नाव खोडायला कोण जातो? म्हणून कामाच्या यादीत मागणीच्या रकान्याइतकाच "कुणी, कधी मिटवली" हा रकाना लागतो, आणि त्यावर बसायला फोन करून विचारणारा चिवट माणूस लागतो.

नकाशावर आणखी एक धोका असतो, रिकाम्या जागेचा. ठिपके तिथे पडतात जिथे रेंज आहे, चार्जिंग आहे आणि लिहिता येणारा कुणी आहे. नदीकाठच्या झोपडीत एकट्या राहणाऱ्या म्हातारीचा ठिपका पडत नाही. परप्रांतातून आलेल्या मजुराला गल्लीच्या ग्रुपवर कुणी घेतलेलंच नसतं. नकाशा बघणाऱ्याला तो भाग कोरडा वाटतो. आमच्या ग्रुपवर याची जाणीव २०२१ ला झाली. खालच्या बाजूचं एक घर दुपारपर्यंत तासातासाला पायऱ्या कळवत होतं, चारनंतर गप्प झालं. काकांनी तीच बातमी मानली आणि दोन पोरांना कमरेएवढ्या पाण्यातून पाठवलं. फोन फक्त बंद पडला होता. पोरं भिजून, शिव्या देत परतली. काकांनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, पुढच्या वेळीही जायचं.

मग एक दिवस उतार सुरू होतो. चढताना तासाला इंच असतो, उतरताना दिवसाला वीत. फूट-इंचाचे संदेश विरळ होतात, त्यांच्या जागी चिखलाचे फोटो, पंचनाम्याला कोण कधी येणार, साप निघाला, फिनेल कुणाकडे आहे. अशाच एका सकाळी मावशीने पहिल्यांदाच स्वतः टाइप करून लिहिलं, "सकाळी ६.१०, आमचं दार, तिसरी पायरी मोकळी, डोळ्यानं." खाली बरेच अंगठे पडले. पाठोपाठ कुंभार गल्लीतून प्रश्न आला. शहराला पाणी देणारे उपसा पंप पुरात बुडाले होते, चार दिवस नळ कोरडे होते.

"कुणाच्यात पाणी आलंय का?"